६१२ स्लाइड्स आणि एक पंखा

बाबांच्या स्लाइड्स घरात तीन ठिकाणी होत्या: बुटांच्या दोन खोक्यांत, चहाच्या पत्र्याच्या डब्यात आणि निवृत्तीच्या दिवशी कॉलेजातून आणलेल्या एका लाकडी पेटीत. आईने सगळीकडे डांबरगोळ्या टाकून ठेवल्या होत्या. कसर लागली नाही, पण साताऱ्याच्या पावसाळ्यापुढे डांबरगोळीचं काय चालणार! लाकडी पेटीचं झाकण काढलं तेव्हा आधी दमट वास आला, मग बुरशी दिसली.

मोजल्या तर ६१२ भरल्या, १९७५ ते १९९३ या काळातल्या. बाबा वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आज ८४ वर्षांचे आहेत. १९७४ साली त्यांनी मुंबईहून पूर्व जर्मन बनावटीचा प्राक्टिका कॅमेरा सेकंडहँड घेतला. सोबत कार्ल झाइस येनाची ५० मिलिमीटरची टेसार लेन्स आणि तीन एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसवायच्या पोकळ कड्या. त्या लावल्या की लेन्स फुलाच्या अगदी नाकाशी नेता येते. पावसाळा सरत आला की सुटीच्या दिवशी सकाळच्या एसटीने कास गाठायचं, सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, गुडघे टेकून फुलं टिपायची आणि दिवाळीनंतर वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायची, हा त्यांचा शिरस्ता. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. बाबांच्या स्लाइड्समध्ये तिथे गुरं चरताहेत आणि रस्त्याकडेला एकही गाडी उभी नाही.

भाच्याला आधी स्लाइड म्हणजे काय ते सांगावं लागलं. निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात. स्लाइड म्हणजे सुलटी फिल्म, तीच मूळ आणि तीच अखेरची प्रत. २४ बाय ३६ मिलिमीटरचा तुकडा, दोन इंची चौकटीत बसवलेला. ही चौकट म्हणजे माउंट. बाबांच्या बहुतेक स्लाइड्स ओर्वो कंपनीच्या यूटी-१८ फिल्मवर आहेत. तीही पूर्व जर्मनीची, फक्त ५० एएसएची, म्हणजे उजेडाला मंद; फूल वाऱ्यावर हललं की संपलं. ५२८ स्लाइड्स पुठ्ठ्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या माउंटमध्ये होत्या. उरलेल्या ८४ बाबांनी स्वतः दोन काचांच्या मध्ये घालून कडेने काळी पट्टी चिकटवून बंद केल्या होत्या. वर्गात वारंवार लागणाऱ्या म्हणून या लाडक्या, जपून ठेवलेल्या. बुरशी नेमकी त्यांनाच सगळ्यात जास्त. काचेच्या मध्ये अडकलेला ओलावा बाहेर पडायला जागाच नव्हती.

प्रत्येक माउंटवर पेन्सिलीने बारीक अक्षरात रोलचा आणि फ्रेमचा नंबर, जागा, तारीख, झाडाचं नाव. ‘२३/१७, कास, तळ्याच्या वरचा सडा, ९ सप्टें. ७९’ अशा थाटात. या लिखाणाकडे सुरुवातीला आम्ही कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि या प्रकरणातली निम्मी गंमत, बरीचशी डोकेदुखी तिथूनच निघाली.

हे सगळं डिजिटल करायचं ठरलं तेव्हा तिघांना तीन गोष्टी हव्या होत्या. बहिणीला घरच्यांचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्यापुरते. बाबांचा एक जुना विद्यार्थी पठारांवरच्या वनस्पतींची नोंद करतो, त्याला कोणतं फूल कुठे, कोणत्या साली दिसलं ते हवं होतं. आणि बाबांना ‘एकदा मोठं करून बघायचं’ होतं. त्यांच्या प्रोजेक्टरचा दिवा जाऊन कितीतरी वर्षं झाली. खर्च मी करणार होते. मी आकडा ठरवला, दहा हजार.

पहिले साडेसहा हजार

त्यातले साडेसहा हजार मी दिवाळीच्या सेलमध्येच घालवले. मुठीएवढा एक फिल्म स्कॅनर, वरून स्लाइड सरकवायची, बटण दाबायचं, दोन सेकंदांत फोटो कार्डावर. खोक्यावर २२ मेगापिक्सेल लिहिलेलं. एका दिवसात १४० स्लाइड्स झाल्या आणि आम्ही स्वतःवर बेहद्द खूश होतो. संध्याकाळी बाबांना टीव्हीवर दाखवायला बसलो.

“रुपया कुठे गेला?” बाबांनी विचारलं.

फुलाचा आकार कळावा म्हणून ते फ्रेमच्या कडेला रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढत. यंत्राने चारही कडा कापल्या होत्या, त्यात नाणी गेली. मग नीट पाहिलं तेव्हा बाकीचंही दिसलं. गेंदाची पांढरी फुलं कापसाच्या बोळ्यांसारखी सपाट झाली होती, एकाही फुलात पोत उरला नव्हता. सावलीत नुसता काळा डाग. आतला सेन्सर बारका, २२ हा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला. एक्सपोजर हाताने बदलायची सोय नाही, फाइल फक्त जेपेग, म्हणजे नंतर काही वाचवायचं म्हटलं तरी हातात काही नाही. काचेचे माउंट तर त्याच्या फटीत जातच नव्हते. घरच्यांचे फोटो फोनवर बघण्यापुरतं हे यंत्र चालून गेलं असतं. आमच्या कामाचं नव्हतं. तीन हजारांत विकलं.

एका लॅबमध्ये चौकशी केली. स्लाइडमागे ४० रुपये, म्हणजे २४,४८० रुपये. काचेचे माउंट उघडणार नाही आणि माउंटवरचं लिखाण उतरवून देणार नाही, हेही सांगितलं. एप्सनच्या व्ही-६०० जातीचा सपाट स्कॅनर हा दुसरा मार्ग. त्यात एका वेळी चार स्लाइड्स बसतात. म्हणजे ६१२ साठी १५३ खेपा. त्याची एक गोष्ट मात्र साध्या कॅमेऱ्याला जमत नाही: इन्फ्रारेड किरणांनी धूळ आणि ओरखडे वेगळे ओळखून तो ते आपोआप पुसतो. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात, धूळ देत नाही, म्हणून हे जमतं. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, ती इन्फ्रारेड अडवते, तिथे ही युक्ती फसते. कोडॅकच्या कोडाक्रोम या स्लाइड फिल्मवरही ती भरवशाची नाही. बाबांकडे अमेरिकेहून कुणी आणून दिलेल्या कोडाक्रोमच्या २३ स्लाइड्स होत्या. असो, नवा स्कॅनर बजेटमध्ये बसत नव्हता आणि सेकंडहँड मिळाला नाही.

येनाची लेन्स आणि जुन्या बाजारातला खांब

राहिला कॅमेरा. भाच्याकडे २४ मेगापिक्सेलचा कॅनन डीएसएलआर होता, अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स नव्हती. भाड्याने आणायचं चाललं होतं. बाबा आत गेले आणि चामड्याची एक पिशवी घेऊन आले. टेसार, तीन कड्या, सगळं जागच्या जागी.

हिशेब सरळ आहे. स्लाइड ३६ मिलिमीटर रुंद, कॅननचा सेन्सर साधारण २२. म्हणजे स्लाइडची प्रतिमा सेन्सरवर ०.६२ पट पडायला हवी. ५० मिलिमीटरच्या लेन्सला त्यासाठी ५० गुणिले ०.६२, म्हणजे ३१ मिलिमीटर पुढे न्यावं लागतं. बाबांच्या कड्या ७, १४ आणि २८ मिलिमीटरच्या. २८ ची कडी आणि उरलेले तीन मिलिमीटर लेन्सची फोकसची रिंग फिरवून. काम झालं! जुनी आट्यांची लेन्स कॅननवर बसवायला ४५० रुपयांचा अ‍ॅडॉप्टर लागला. लेन्समध्ये थोडी बुरशी होती, ती पुण्यातल्या दुरुस्तीवाल्याने ६०० रुपयांत साफ करून दिली. ज्या लेन्सने आणि ज्या कडीने ती फुलं टिपली, त्यांनीच पुन्हा ती टिपायची, याचं बाबांना फार अप्रूप वाटलं. मला स्वस्तात पडल्याचं.

स्टँडसाठी पुण्याचा जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे फोटो मोठे करण्याचा एक एन्लार्जर मिळाला. डोकं मोडलेलं, पण खांब आणि पाट शाबूत. पंधराशे सांगितले, नऊशेला दिला. एन्लार्जरचं डोकं दात्यांच्या पट्टीवर हळूहळू वर-खाली सरकतं, आणि कॅमेऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं. डोक्याच्या जागी कॅमेरा बोल्टने आवळला.

उजेडाने मात्र दोन आठवडे खाल्ले. आधी मुलांचं चित्रं गिरवायचं ट्रेसिंग पॅड वापरलं. चित्र स्वच्छ, पण तांबडे-जांभळे रंग मेलेले. स्वस्त एलईडी पांढरा दिसतो, पण त्यात गडद तांबड्याचा वाटा फार कमी असतो, आणि फिल्मवरचा रंग उजेडात जे आहे तेवढंच दाखवू शकतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही ओढाताण केली तरी जे आलंच नाही ते येत नाही. शेवटी सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९५ च्या वर असलेला व्हिडिओचा एक छोटा दिवा घेतला, १,८५० रुपये. एवढ्या सगळ्या सामानात नवी आणि चांगली घ्यावी अशी ही एकच वस्तू. त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून १२० रुपयांत कापून आणलेला. स्लाइड त्या अ‍ॅक्रिलिकपासून तीन-चार सेंटिमीटर वर ठेवली, म्हणजे अ‍ॅक्रिलिकवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. भोवती काळा कार्डपेपर, नाहीतर कडेने येणारा उजेड लेन्समध्ये घुसून सगळं चित्र पांढुरकं करतो.

कॅमेरा आणि स्लाइड एकमेकांना अगदी समांतर हवेत; केसभर तिरपं झालं की एक कोपरा धूसर. यासाठी भाच्याने एक झकास युक्ती शोधली. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचं. लेन्सला स्वतःचाच डोळा बरोबर मधोमध दिसला की समांतर. दिसला नाही तर खाली पुठ्ठ्याच्या चकत्या सारायच्या. दोन मिनिटांचं काम, रोज सुरुवातीला एकदा.

मग सेटिंग: अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ १००, रॉ फाइल (सेन्सरने टिपलेलं सगळं, काही न गाळता), दोन सेकंदांचा टायमर. शटर हळू, सेकंदाचा आठवा हिस्सा वगैरे, म्हणून धक्का चालत नाही. आमचं घर रस्त्याला लागून. टेबलावर मांडलं होतं तेव्हा एसटी गेली की फोटो हलायचा. शेवटी सगळा संसार शहाबादी फरशीवर मांडला आणि पाठीचे हाल सोसले. ३६ मिलिमीटरवर ६,००० पिक्सेल म्हणजे इंचाला सुमारे ४,२००. ओर्वोचा दाणा, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, त्यात स्पष्ट दिसतो. दाणा दिसला की फिल्ममध्ये पुढे आणखी काही शोधायला उरत नाही. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा आणायचा भाच्याचा आग्रह तिथेच संपला.

पंखा

पुठ्ठ्याच्या माउंटवाल्या ५२८ स्लाइड्स दोन शनिवार-रविवारांत निघाल्या. ब्लोअरने धूळ उडवायची, स्लाइड ठेवायची, बटण, पुढची. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचा बारीकसा थेंब फिल्मवर पडला की डाग कायमचा. हात बसला की तासाला सत्तर होतात.

मग ८४ काचेच्या. काचेसकट फोटो काढून पाहिले. बुरशीचं जाळं सोडाच, काच आणि फिल्म जिथे टेकतात तिथे इंद्रधनुषी कडी उमटत होती. उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ब्लेडने काळी पट्टी कापायची, काचा अलग करायच्या, फिल्म चिमट्याने कडेला धरून बाहेर काढायची, कापसाच्या बोळ्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो अलगद फिरवायचा. पाणी अजिबात लावायचं नाही. फिल्मवरचा थर जिलेटीनचा. बुरशी त्यावरच जगते आणि तो असा करून ठेवते की पाणी लागताच चित्र विरघळून बोळ्यावर येतं. अल्कोहोलने वरची बुरशी जाते, तिने खाल्लेली नक्षी तेवढी राहते. साफ झालेली फिल्म नव्या प्लास्टिकच्या माउंटमध्ये.

मार्चची दुपार होती. भाच्याने काम वेगाने व्हावं म्हणून एकदम ३८ स्लाइड्स उघडल्या. फिल्मचे तुकडे बटर पेपरवर ओळीने वाळत ठेवले, काचांच्या चौकटी त्याच क्रमाने शेजारच्या ताटात. क्रम हाच काय तो दुवा. पहिली फिल्म, पहिली चौकट. दुसरी फिल्म, दुसरी चौकट.

आई चहा घेऊन आली. “केवढं उकडतंय! पंखा तरी लावून बसा,” म्हणाली, आणि तिनेच लावला.

पाच नंबरवर.

फिल्मचा तुकडा पिंपळपानापेक्षा हलका असतो. अडतीसच्या अडतीस उडाले. काही कपाटाखाली, एक आईच्या चहात. कुणी काही बोललं नाही. बाबा फक्त म्हणाले, “दार लावून घ्या. कुणीही पाय उचलू नका.”

तुकडे सगळे मिळाले. चहातला ताबडतोब अल्कोहोलमध्ये बुडवला, त्याच्यावर बुरशी कमी होती म्हणून तो वाचला. पण आता ताटात ३८ चौकटी, त्यांवर जागा, तारीख, नाव; आणि कागदावर ३८ बेवारस फिल्म. यांतल्या तीस तरी फिल्मवर जांभळी-पिवळी फुलं आणि करडा कातळ. आम्हाला सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

वाट दाखवली ती फिल्मनेच. माउंटमध्ये असताना फिल्मची कड झाकलेली असते. बाहेर काढल्यावर भोकांच्या पट्टीवर कंपनीने छापलेला फ्रेमचा नंबर दिसतो. या ८४ स्लाइड्स बाबांनी अखंड रोलमधून स्वतः कापल्या होत्या आणि चौकटीवर लिहिलेला फ्रेमचा नंबर त्याच कडेवरून उतरवला होता. चौकटीवर ‘२३/१७’ असेल तर फिल्मच्या कडेला १७ असणारच. रोल नंबर मात्र फिल्मवर नसतो, तो बाबांचा आपला.

त्या रात्री वहीत दोन रकाने आखले. ज्यांचा फ्रेम नंबर ३८ मध्ये एकदाच आला होता अशा २१ लगेच जुळल्या. उरलेल्या १७ मध्ये नंबर दोनदा किंवा तीनदा आलेले. त्यातल्या नऊ फिल्मच्या कंपनीवरून सुटल्या: कडेला नंबराबरोबर नावही छापलेलं असतं आणि कोणता रोल कोणत्या कंपनीचा हे बाबांच्या शेतावरच्या, म्हणजे फील्डवरच्या डायरीत होतं. (‘शेतावरची डायरी’ हा त्यांचाच शब्द.) सहा बाबांनी भिंगाखाली धरून ओळखल्या. “हा दगड बघ. यावर बसून मी डबा खायचो,” अशी पुरावा म्हणून न चालणारी, पण प्रत्येक वेळी बरोबर निघालेली साक्ष.

दोन राहिल्या. दोन्ही फ्रेम १७, दोन्ही ओर्वो, दोन्हींवर सीतेची आसवं ही फुलं, अगदी जवळून. एक चौकट म्हणते कास, १९७९. दुसरी चाळकेवाडीचं पठार, १९८४. चाळकेवाडीवर पुढे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्याआधीच्या तिथल्या फुलांचे फोटो त्या विद्यार्थ्याला खास हवे होते, आणि म्हणून हा घोळ नेमका तिथेच झाल्याची चुटपुट जास्त.

उरलेल्या ४६ काचेच्या स्लाइड्स नंतर एकेक करून उघडल्या. आधी चौकटीचा फोनवर फोटो, मग ब्लेड. पहिल्या ५२८ च्या बाबतीतही उलटं फिरून तेच करावं लागलं: वीस-वीस स्लाइड्स टेबलावर मांडून, दिवा एका बाजूने तिरपा धरून. तिरप्या उजेडात पुसट पेन्सिल उठून दिसते. हे काम सगळ्यात आधी, खोकं उघडल्या दिवशीच करायला हवं होतं. त्याला एक रुपया लागत नाही. एक दुपार पुरली असती.

खरा रंग कुठला

ओर्वोच्या बऱ्याच स्लाइड्स तांबूस झाल्या होत्या. रंगीत फिल्ममध्ये तीन रंगांचे थर असतात आणि आमच्या फिल्ममध्ये निळसर थर आधी उडाला होता. तो गेला की तांबडं वर येतं. कोडाक्रोमच्या २३ मात्र काल धुतल्यासारख्या. त्यांचा त्रास वेगळा, कॅमेऱ्यात त्या निळसर येतात, पण तो सगळ्यांना सारखाच दुरुस्त करता येतो.

भाच्याने डार्कटेबल हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं आणि कातळाचा करडा रंग करडा दिसेल असं सगळं सुधारलं. गवत हिरवं झालं, आभाळ निळं झालं. बाबा बघत होते. एका निळ्या फुलापाशी थांबले. “हे गुलाबी नाही रे, निळं आहे.” भाच्याने गुलाबी कमी केलं, तर गवत बिघडलं. तासभर हे चाललं.

मग बाबांनाच आठवलं: ती स्लाइड नवीकोरी असतानाही तसलं फूल गुलाबीच दिसायचं, वर्गात ते प्रत्येक वेळी मुलांना सांगायचे. काही निळी फुलं डोळ्याला न दिसणारा गडद तांबडा उजेड परत फेकतात. डोळा तो घेत नाही, फिल्म घेते. एजरॅटमच्या फुलाचं हे जुनं, छायाचित्रकारांना ठाऊक असलेलं उदाहरण. म्हणजे रंग सुधारायचा तर तीन उत्तरं आहेत: आज फिल्म दिसते तशी, नवीन असताना दिसत होती तशी, की फूल होतं तसं? आम्ही रॉ फाइल आहे तशी ठेवली, तिला कुणी हात लावायचा नाही. सुधारलेली जेपेग वेगळी. विद्यार्थ्याकडे दोन्ही गेल्या. बहिणीला हा सगळा काथ्याकूट निरर्थक वाटला आणि तिच्या दृष्टीने तो होताच.

आणखी एक चूक बाबांनीच पकडली. टीव्हीवर करांद्याचा वेल आला. “हा उलटा चढतोय,” ते म्हणाले. कंदवर्गातल्या काही जातींचे वेल आधाराभोवती एका बाजूने वळतात, काहींचे दुसऱ्या. ओळखीची ती खूणच असते. स्लाइड पालथी ठेवली गेली होती, चित्र आरशातल्यासारखं झालं होतं. फिल्मची चकचकीत बाजू कोणती आणि मंद बाजू कोणती हे पाहून ठेवायचं असतं. आम्ही घाईत पाहिलं नव्हतं. शोधल्या तर अशा ३१ निघाल्या. फुलांच्या फोटोत एरवी हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. आमच्या कळलं.

बाकीचं पटकन

अग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे कृष्णधवल निगेटिव्ह, एका रोलवर बारा चौकोनी फोटो, अशा १९ गुंडाळ्या होत्या. त्याच स्टँडवर कॅमेरा वर सरकवून, लहान कडी लावून काढले. कृष्णधवल उलटं करणं हा खेळ आहे. हॉट शॉट कॅमेऱ्याचे रंगीत निगेटिव्ह जास्त किचकट, कारण त्यांवर नारिंगी झाक असते. प्रत्येक रोलमधला कोऱ्या फिल्मचा एखादा तुकडा फोटोत येईल असं पाहायचं. डार्कटेबलमधलं निगाडॉक्टर हे साधन त्यावरून नारिंगी ओळखतं आणि वजा करतं.

आईचे अल्बम चिकट पानांचे. फोटो ओढून काढायच्या फंदात पडलो नाही, प्लास्टिक उचललं आणि पानासकट, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड टाकून फोटो काढले. आठ-दहा फोटो वरच्या प्लास्टिकला चिकटून बसले होते, ते तसेच प्लास्टिकवरूनच घेतले. बहिणीला हवे होते ते बहुतेक फोटो इथेच निघाले, स्लाइड्समध्ये घरची माणसं जेमतेम चाळीस.

हिशेब

अ‍ॅडॉप्टर ४५०, लेन्सची सफाई ६००, दिवा १,८५०, अ‍ॅक्रिलिक १२०, खांब ९००, प्लायवूड आणि कार्डपेपर २००, ब्लोअर आणि ब्रश ३५०, अल्कोहोल २५०, प्लास्टिकचे माउंट १,२००, हवाबंद डबे आणि सिलिका जेल ५००. एकूण ६,४२०. दुसरी प्रत ठेवायला एक टेराबाइटची हार्ड डिस्क ४,२००, जी खरं तर मोठीच झाली. ६१२ स्लाइड्सच्या रॉ फाइल सगळ्या मिळून सतरा जीबीच्या आसपास आहेत. त्यात पहिल्या यंत्राचे बुडालेले साडेतीन हजार धरा. १४,१२० रुपये. दहा हजारांचा बेत फसला तो त्या सेलमुळे आणि डिस्कमुळे. अर्थात कॅमेरा भाच्याचा आणि लेन्स बाबांची. या दोन्ही विकत घ्यायच्या असत्या तर हा हिशेब वेगळा झाला असता आणि लॅबचे ४० रुपये महाग वाटले नसते.

वेळेचा हिशेब भाच्याने लिहून ठेवला होता. फोटो काढायला नऊ तास. सफाईला बावीस. नावं, तारखा, जुळवाजुळव आणि बाबांना विचारून लिहून घेणं यांना चाळीसच्या वर. यातले चाळीस तास बाबांशिवाय कुणी करूच शकलं नसतं. दुपारी चार ते पाच, रोज एक तास, ते बोलायचे आणि भाचा स्प्रेडशीटमध्ये टाइप करायचा: क्रमांक, रोल आणि फ्रेम, तारीख, जागा, नाव, माउंटवर जसंच्या तसं काय लिहिलंय, शेरा. मग एक्झिफटूल या प्रोग्रामने तेच प्रत्येक फाइलच्या पोटात घातलं, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी तारीख १९७९ चीच राहते. नाहीतर फोनला वाटतं, हे फूल गेल्या मार्चमध्ये फुललं.

मूळ स्लाइड्स आता हवाबंद डब्यांत आहेत. निळं सिलिका जेल ओल शोषून गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर कोरडं करून पुन्हा घालायचं. ही कढई आता आई स्वयंपाकाला घेत नाही आणि त्याबद्दल रोज बोलते.

विद्यार्थ्याकडे यादी पाठवायच्या आदल्या दिवशी त्या दोन स्लाइड्सचा प्रश्न पुन्हा निघाला. भाचा म्हणाला, वगळून टाकू. मी म्हटलं, नाणं उडवून एक कास आणि एक चाळकेवाडी करू, कुणाला कळणार आहे? बाबा माझ्याकडे असं बघायला लागले, जसे ते कॉपी करणाऱ्या मुलाकडे बघत असावेत.

“दोन्हीकडे लिही, स्थळ: कास किंवा चाळकेवाडी. वर्ष: ७९ किंवा ८४.”

“आणि शेऱ्यात? कारण द्यावं लागेल.”

बाबांनी स्वयंपाकघराच्या दिशेने एकदा पाहिलं, आवाज जरा खाली आणला.

“लिही. पंखा.”

ती यादी तशीच गेली.